दुर्गाबाईच्या मोहाखाली

टोला, ता. कुरखेडा
८ जुलै २०२४

दुर्गाबाई,

फोनवर आपण दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि आता तर तू माझा फोन उचलतच नाहीस. म्हणून लिहितो. पत्राला मध्येच तोडता येत नाही, फार तर बाजूला ठेवता येतं. ठेवलंस तर कोरड्या जागी ठेव. मी आधी कच्चं लिहून मग हे पक्कं केलं आहे. तरी कुठे काना-मात्रा चुकली असेल तर नववीत शाळा सुटलेल्या भावाची म्हणून सोडून दे.

आई बरी आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, आत्ता लक्षात आलं.

कामाचं असं, की आपल्या वरच्या बरडीवर, त्या खडकाळ उतारावर, मी झाडं लावली आहेत. करंज, जांभूळ, सीताफळ आणि कडेने बांबू. रोपं वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणली. सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, म्हणजे तुला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस आणि मग मला लावता आली नसती.

का लावली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी नाला घरात शिरला, आई बकरीला घेऊन धानाच्या कोठीवर बसून राहिली, तू मोहर्लीहून आलीस आणि तिला घेऊन गेलीस. दिवाळीआधी ती परत आली. स्वतःहून आली, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. त्यावर तू म्हणालीस, "आता त्या घरात पाणी शिरलं तर मले सांगू नको." तेव्हापासून तू आली नाहीस आणि मला एकच प्रश्न पडून राहिला आहे. हे पाणी येतं कुठून?

सगळे म्हणतात जंगलातून. मलाही तसंच वाटत होतं. मागच्या पावसाळ्यात सर चालू असताना मी नाल्याच्या काठाने वर चढत गेलो. बाई, जंगलातून येणारं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि बारीक होतं. आपल्या बरडीचा ओघळ जिथे नाल्याला मिळतो तिथून खाली मात्र ते विटेसारखं लाल होतं आणि धावत होतं. म्हणजे आईच्या घरात शिरतं ते पाणी जंगलाचं कमी आणि आपलंच जास्त आहे. आपल्या दोघांच्या नावावरचं.

खात्री करायची म्हणून दुसऱ्या पावसात गिरणीतला धानाचा कोंडा पोतंभर नेला, बरडीच्या माथ्यावर ओतला आणि पळत खाली आलो. पायवाट सरळ आहे, मी काही हळू पळत नाही. पण माझ्या आधी कोंडा आईच्या अंगणात पोहोचला होता. आई दारात उभी होती. म्हणाली, "काऊन रे, पाण्याले कोंडा चारून राहिला का? मंग दूध बी काढजो."

तेव्हाच ठरवलं की इथे झाडं हवीत. झाड पाण्याला अडवतं एवढं मला शाळेपासून माहीत आहे. कसं अडवतं ते माहीत नाही. खोड तर बारीक असतं, पाणी बाजूने जाऊ शकतं. मुळं अडवत असतील तर ती तर जमिनीच्या आत, आणि पाणी वरून पळतं. तू कामाला आहेस त्या लॉजवर जंगल पाहायला शिकलेले लोक येतात, त्यांच्यापैकी कुणाला विचारता आलं तर विचार.

काम नीट केलं आहे. आधी सगळी बरड साफ केली. खुरटी झुडपं, गवत, काट्या, सगळं कापून जाळलं. रोपवाटिकेच्या भिंतीवर एक चित्र आहे, त्यात जमीन तळहातासारखी स्वच्छ आहे आणि रोपं ओळीत आहेत. तशी केली. दोरी लावून ओळी धरल्या.

फक्त तुझ्या मोहाच्या झाडाखाली हात लावला नाही. बाबांनी तुझ्या लग्नात तो तुला दिला, तो तुझा आहे. तू इतकी रागावलेली असताना तिथलं पानसुद्धा हलवायची माझी हिंमत झाली नाही.

भाऊजींना नमस्कार.

सुनिल


टोला
२६ ऑगस्ट २०२४

दुर्गाबाई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण मिळालं. "झाडं मोठी व्हायला वीस वर्षं लागतात. आईकडे वीस वर्षं आहेत का?"

याचं उत्तर मी बरेच दिवस शोधलं. शेवटी कार्ड लहानूभाऊंना दाखवलं. नाल्यापलीकडे त्यांचं उंच ओट्याचं घर आहे, त्यांना कधीच घाई नसते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि म्हणाले, "तुही बहीण बरोबर आहे. पण वीस वर्षांनी बी कोणी ना कोणी त्या नाल्यावर राहीनच ना बापू."

ते खरं आहे, पण ते आईचं उत्तर नाही, हे मलाही कळतं.

आता वाईट बातमी. महिन्याच्या सुरुवातीला मोठा पाऊस झाला. रोपं बरीचशी गेली. खड्डे पाण्याने भरले, मग कडा फुटल्या, मग एका खड्ड्याचं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं तिसऱ्यात. मी दोरी लावून धरलेल्या ओळी सरळ उताराला होत्या. म्हणजे मी पाण्याला खाली यायला पायऱ्या करून दिल्या. कडेचा बांबू तेवढा उभा आहे. आईच्या घराला काही झालं नाही. नाला अंगणापर्यंत आला आणि मागे फिरला. तू काळजी करू नकोस.

पाऊस थांबल्यावर मी पुन्हा वर गेलो. पावसातच पोतंभर कोंडा माथ्यावर ओतला होता, तो कुठे अडकला का ते पाहायचं होतं. सगळी बरड धुऊन निघालेली. लाल माती, गोटे आणि माझे खड्डे. कोंड्याचा कण नाही. बरडीवरच टोल्यातल्या डोमाकाकांचे मोह आहेत, त्यांच्याखालीही नाही. ते मोह तर तुझ्या मोहाएवढेच मोठे आहेत, खोडं माझ्या कवेत मावत नाहीत, आणि त्यांच्याखाली जमीन तव्यासारखी.

मग तुझ्या मोहाखाली गेलो.

बाई, तिथे कोंडा होता. पानांच्या कडेकडेने, काटक्यांच्या मागे, कुणी मुठीने ठेवल्यासारखा साचलेला. मी तिथे बसलो. खाली पाला आहे, जाड. वरचा कोरडा, त्याखालचा ओला, त्याखालचा काळा होऊन मातीसारखा झालेला. बोट घातलं तर पुरतं आत गेलं. बाजूच्या जमिनीत पहार घालावी लागते. आणि पाल्यातून रोपं वर आली आहेत. येन आहे, तेंदू आहे, धावडा आहे, आणि एक चारोळीचा चार. कुणी छातीपर्यंत, कुणी डोक्यापर्यंत. मी लावलेली रोपं वीतभर होती आणि त्यांना उघडीप असली की पाणी घालत होतो. यांना कुणी घातलं?

तू तिथे काही पेरलं होतंस का? लग्नाआधी किंवा नंतर? आठवून लिही. बी टाकलं असेल तर कोणत्या महिन्यात, तेही लिही. मला हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. सगळ्या बरडीवर माती एक, पाऊस एक, मोह सारखेच. फरक काय आहे?

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुही बहीण रागावली म्हून तिच्या झाडाखाली काटे उगले. अजून काय." आणि हसत बसली. तिचं मन तसं ठीक आहे. चूल वाळायला दोन दिवस लागले तेवढे चिडचिड करत होती.

सुनिल


टोला
१९ जानेवारी २०२५

दुर्गाबाई,

तुझं कार्ड आलं. "चूल अंगणात नसते."

पकडलंस. पाणी चुलीपर्यंत आलं होतं.

कार्डाच्या खाली तू लिहिलंस की तू तिथे काहीही पेरलं नाहीस. त्या ओळीवरून मला पुढचं सगळं सापडलं, म्हणून सांगतो.

तू पेरलं नाहीस तर ती आली कुठून? मी एकेका रोपाच्या बुडाशी पाला बाजूला करून पाहिलं. एकही रोप बी पडून आलेलं नाही. प्रत्येकाच्या खाली जुना खुंट आहे. कुणाचा मांडीएवढा जाड, वरून काळा, जळालेला. म्हणजे बरडीवर कधीतरी पुरं जंगल होतं. ते तुटलं, पण खाली अजून जिवंत आहे. मग मी माझ्या साफ केलेल्या जमिनीत पाहिलं. तिथेही खुंट आहेत, बाई. सगळीकडे आहेत. मी झुडपं म्हणून जी कापून जाळली, ती तीच होती. येनाला मी झुडूप समजलो, कारण ते कधी गुडघ्याच्या वर गेलेलं आपण पाहिलंच नव्हतं.

का गेलं नव्हतं? इथे मी अडलो. मग एके दिवशी डोमाकाका मोहाची बोलणी करायला घरी आले आणि सहज म्हणाले, "यंदा आग लवकर लावू, पाला लई पडला." मी हातातलं काम ठेवून त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

तुला माहीतच आहे, आपण सगळेच लावतो. मोह गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, म्हणजे स्वच्छ जमिनीवर फूल दिसतं. ती आग झाडाखालून सरकत सरकत बरडभर जाते. दर वर्षी. खुंट दर पावसाळ्यात फुटतात आणि दर फागुनात जळतात. तुझ्या मोहाखाली मात्र दोन उन्हाळे आग लागली नाही. तू वेचायला आली नाहीस, दुसऱ्याचा मोह कुणी वेचत नाही, आणि डोमाकाकांची आग त्या बाजूला आली की आई फांदीने झोडपून विझवायची. का, तर "पोरीचं झाड आहे. रागाची असली तरी तिचंच आहे." हे मला आत्ता कळलं. ती मला कधी बोलली नव्हती.

म्हणजे आपल्या अख्ख्या बरडीवर पाणी थांबतं अशी एकच जागा आहे, आणि ती तुझ्या न येण्यामुळे झाली आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मला ते नवल वाटतं. आणि तुझ्या पहिल्या कार्डाचं उत्तर इथेच आहे. वीस वर्षं लागणार नाहीत. मुळं आधीच जुनी आहेत. दोन वर्षांत ती माझ्या डोक्यापर्यंत आली.

मी डोमाकाकांना म्हटलं, यंदा आग लावू नका. बोलणं असं झालं:

"मंग मोह पाल्यातून हातानं हुडकू का? डोळे तुहे देतं का मले?"

"काका, आगीनं खुंट जळतात. खुंट जळले की पाणी थांबत नाही."

"माह्या बापानं आग लावली, त्याच्या बापानं लावली. तवा जंगल होतं का नाई?"

"होतं."

"मंग?"

यावर मी अजून विचार करतो आहे. तेव्हा जंगल एवढं होतं की एक बरड जळली तरी कुणाला कळत नसेल, असं काहीतरी असेल. तुला काय वाटतं? काका वाईट नाहीत. त्यांचं वर्षाचं तेल-मीठ मोहावर चालतं आणि पाल्यातून फूल शोधताना साप हाताखाली येतो, हे खरंच आहे.

म्हणून एक विचारतो. झाडाखाली कापड अंथरलं तर फूल त्यावरच पडेल, पाला जाळायला नको. आईची जुनी लुगडी पाहिली, ती एका झाडालाही पुरत नाहीत आणि आई ती द्यायलाही तयार नाही. तुझ्या लॉजवर खोल्यांच्या जुन्या चादरी काढून टाकत असतील ना? फाटलेल्या चालतील. डागाच्याही चालतील. मोह गळायला लागायच्या आधी मिळाल्या तर बरं होईल. नाही जमलं तरी लिही, म्हणजे मी वाट पाहत बसणार नाही.

लहानूभाऊ सांगतात की मी आता पाण्याचा पंचनामा करून राहिलो. त्यांनी तुला जय भीम सांगितला आहे.

सुनिल


टोला
१५ एप्रिल २०२५

दुर्गाबाई,

चादरी मिळाल्या हे उशिरा कळवतो, कारण मोहाच्या दिवसांत हात रिकामा नव्हता. आधी काय झालं ते क्रमाने सांगतो.

मार्च लागला तरी तुझं काही आलं नाही. चादरी येईपर्यंत थांबायचं काकांनी कबूल केलं होतं; त्यांनी आणखी वाट पाहिली, मग एका सकाळी काडेपेटी घेऊन वर गेले. मी मागे मागे गेलो, पण मला त्यांच्यापुढे बोलता येत नाही. शब्द आधी ठरवलेले असले तरी उलटे येतात. आई कधी आली ते कळलं नाही. ती काकांच्या मोठ्या मोहाखाली जाऊन बसली, पाल्यात, पाय पसरून, पान-सुपारीची थैली उघडून.

"उठ सोमारी," काका आईला म्हणाले.

"लाव ना आग. मी काय म्हणून राहिली?"

"तू बसली आहे ना तिथी."

"माही पाठ दुखते. इथी मऊ लागते." तिने सुपारी कातरली. "डोमा, तुह्या घरात पाणी शिरते का कधी?"

"नाई."

"माह्या घरात शिरते. तुह्या मोहाखालून येते. म्या कधी म्हटलं का तुले काही?"

काका उभेच. मग तेही खाली बसले आणि म्हणाले, "सुपारी दे." दोघं दुपारपर्यंत बसून जुन्या माणसांच्या गोष्टी करत होती. काडेपेटी मधे पाल्यावर पडली होती. मी ती हळूच उचलून खिशात टाकली, काकांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

पण फूल गळायला लागल्यावर काय, हा प्रश्न होताच. आई काही रोज पाठ दुखवू शकत नव्हती. आणि तेवढ्यात कुरखेड्याच्या स्टँडवरून निरोप आला की चंद्रपूरच्या गाडीतून बोचकं आलं आहे.

बाई, एवढ्या चादरी मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्या पांढऱ्या, धुतलेल्या, घडी घातलेल्या, आणि त्यांना अजून साबणाचा वास येत होता. फाटल्या होत्या तिथे तू टाके घातले आहेस. ते टाके आईने ओळखले. बोटाने दाबत राहिली.

आम्ही त्या जोडून चार मोहांखाली अंथरल्या. पहाटे फूल गळतं ते टप टप चादरीवर. मातीचा कण नाही. काका पहिल्या दिवशी लांब उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "साहेब लोक झोपत ज्याच्यावर, त्याच्यावर माहा मोह झोपून राहिला. आता उठवू कसा त्याले?" टोल्यातले सगळे पाहायला आले. चादरीची चार टोकं धरून फूल गोळा होतं, कंबर वाकवावी लागत नाही, ही गोष्ट बायकांना पाण्यापेक्षा जास्त पटली. पलीकडच्या उतारावरची इंदुताई विचारत होती की तुझ्या लॉजवर आणखी आहेत का. मी हो म्हटलं नाही.

बरडीवर यंदा आग नाही. जे खुंट मी गेल्या वर्षी कापले तेही पुन्हा फुटले आहेत. मला त्यांची लाज वाटायची, आता रोज पाहायला जातो. बकऱ्या येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण केलं आहे. बांबूला कोंब येतील का हे पावसाळ्यात कळेल.

तुझा मोह आईने वेगळा वेचला, वेगळा वाळवला आणि वेगळ्या मडक्यात ठेवला आहे. त्याला कुणी हात लावत नाही.

आता बोचक्यातल्या चिठ्ठीबद्दल. "यंदा घरात पाणी शिरलं तर आई कायमची माझ्याकडे येईल, आणि तू स्वतः आणून सोडशील. मान्य असेल तर चादरी वापर."

चादरी वापरल्या आहेत. म्हणजे मान्य आहे. आईला मी चिठ्ठी वाचून दाखवली नाही. तिने लहानूभाऊंकडून वाचून घेतली. काल त्यांच्याकडे जयंतीची खीर खायला गेली होती तेव्हा.

सुनिल


टोला
२ सप्टेंबर २०२५

दुर्गाबाई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. का ते शेवटी कळेल.

गेल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. सकाळपासून धरून होता, दुपारी आभाळच खाली आलं. कुरखेड्याचा रस्ता बंद. मी कोंड्याचं पोतं घेऊन वर गेलो. आई ओरडत होती की मरायला जातो का, पण मला पाहायचं होतं.

बरड ओळखू येत नव्हती. गवत माझ्या मांडीपर्यंत, त्यातून येनाची, तेंदूची पानं, खाली गेल्या उन्हाळ्याचा न जळालेला पाला. पाणी दिसतच नव्हतं, फक्त आवाज येत होता, पाल्याखालून कुणी दाणे चाळत असल्यासारखा. माथ्यावर कोंडा ओतला. तो लगेच निघाला नाही. जरा फिरला, एका खुंटाला अडला, दोन भाग झाले, त्यातला एक गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. मला तिथेच बसून पाहत राहावंसं वाटत होतं. मग आठवलं आणि पळत सुटलो.

बाई, मी आधी पोहोचलो.

आई दारात उभी होती. अंगण चिखलाचं होतं पण नाला काठातच होता. मी धापा टाकत तिच्या बाजूला उभा राहिलो.

"काय पाहून राहिला?"

"कोंडा."

"अजून नाई आला?"

"नाही."

आम्ही दोघं दारात उभे राहून कोंड्याची वाट पाहत होतो. मला हसू येत होतं. तेवढ्यात आईने बकरी सोडली. धान आधीच कोठीच्या वरच्या कप्प्यात टाकलं होतं. अंथरूण आणि तुझं मडकं डोक्यावर घेऊन ती नाल्यावरच्या फरशी पुलावरून पलीकडे, लहानूभाऊंच्या ओट्यावर गेली. फरशीवर पाणी आलेलं नव्हतं. ती घाईने नाही, चालत गेली. मध्ये थांबून मला म्हणाली की दार ओढून घे.

मग पाणी आलं. त्यात कोंडा होता. आधी थोडा, मग बराच वेळ येतच राहिला. पाणी एकदम नाही, हळूहळू चढलं, आणि पूर्वीसारखं लाल नव्हतं. अंगणात आलं. पायरीला लागलं. संध्याकाळपर्यंत उंबऱ्याशी थांबलं होतं. आम्ही तिघं ओट्यावरून पाहत होतो.

अंधार पडायच्या आधी ते उंबऱ्यावरून आत गेलं. जास्त नाही. चुलीच्या पायाशी ओल आली, राख भिजली नाही. सकाळी जमीन चिकट होती, एवढंच. पण गेलं.

लहानूभाऊ म्हणाले, "उंबरा ओला झाला म्हणजे घरात शिरलं असं नाई होत. कायद्यानं पाह्यलं तर घर उंबऱ्याच्या आत सुरू होते."

"भाऊ, आतच गेलं होतं."

"तू पाह्यलं का आत जाऊन?"

"पाहिलं."

ते आईकडे वळले. "पाहा बाई, याले काही सांगून फायदा नाई."

आई मला म्हणाली, "लिवू नको तिले. अंगणात आलं म्हणून लिव." आणि मग लगेच स्वतःच, "नको. मागं तसं लिवलं होतं तं चुलीनं घात केला."

म्हणून जसं आहे तसं लिहितो. घरात पाणी शिरलं. बोलीप्रमाणे आई तुझ्याकडे येते आहे आणि तिला सोडायला मी येतो आहे. पाणी किती होतं आणि किती उशिरा आलं हे मी वर लिहिलं, ते बोली मोडायला नाही. ते खरं आहे म्हणून लिहिलं.

आईला मी सांगितलं तेव्हा ती धान पाखडत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुमच्या दोघाइची बोली, अन् जाऊन राहिली मी." थोड्या वेळाने म्हणाली, "मागच्या खेपेला तूच आणलं मले मूलच्या स्टँडवरून, आता तूच नेऊन सोड. हिशोब बरोबर आहे." (मूल गावापर्यंत ती एकटीच आली होती, पुढे मी आणलं; हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.) मग म्हणाली की ती येईल, आणि गुमान राहील, रोज भांडणार नाही. पण मोह गळायच्या दिवसांत तिला इथे आणून सोडावं लागेल, कारण चादरी कशा धरायच्या ते डोमाला अजून नीट येत नाही. कायमची म्हणजे बाराही महिने असं चिठ्ठीत लिहिलेलं नाही, हे तिने लहानूभाऊंकडून दोनदा वाचून घेतलं आहे.

डोमाकाका तिला स्टँडपर्यंत सोडायला येणार आहेत. कालपासून घरी दोनदा येऊन गेले. काही काम नव्हतं. मला म्हणाले, "तुह्या बहिणीच्या मोहाखाली आता कोण वेचन?" मी म्हटलं, तिचा आहे, तीच ठरवेल. ते म्हणाले, "मंग येऊन ठरव म्हणा." हा त्यांचा निरोप आहे, माझा नाही. माझा वेगळा आहे. तुझ्या मोहाखालच्या येनाला यंदा फळ धरेल का ते मला माहीत नाही. तिथे एक पक्षी सारखा येतो, त्याचंही नाव माहीत नाही. आणि पाणी त्या पाल्यात शिरतं ते शेवटी कुठे जातं, हेही नाही. पावसानंतर चार दिवस झाले तरी बरडीच्या पायथ्याशी एका जागी बारीक झरा वाहतो आहे, पूर्वी तिथे काही नव्हतं. तो तिथूनच येतो का? मला एकट्याला हे पाहून होणार नाही.

परवा सकाळी निघतो. आईला खिडकीची जागा लागते, म्हणून पहिली गाडी धरतो. सोबत तुझं मडकं आहे, आणि मोहाच्या बियांचं तेल आईने काढलं ते.

दारात आल्यावर मी बोलायला गेलो तर पुन्हा सगळं उलटं येईल, म्हणून हे पत्र आधी तुझ्या हातात देईन. तू वाचेपर्यंत आई आत जाऊन बसलेली असेल, ती काही थांबणार नाही. मी बाहेर उभा असेन. आईकडे वीस वर्षं आहेत का, या तुझ्या पहिल्या कार्डातल्या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा दिलं आणि दोन्ही वेळा अर्धंच निघालं, त्यामुळे तू मला आत बोलावलंच पाहिजे असं नाही. पण परतीची गाडी संध्याकाळी आहे, आणि इंदुताईने विचारलेल्या चादरींचंही तुला विचारायचं आहे.

सुनिल